डावा गाल

फोटोवालीला चेहऱ्यांचा वीट आला होता. त्यात चेहऱ्यांचा काही दोष नव्हता. दोष गिऱ्हाइकांचा, क्लासच्या सरांचा आणि सगळ्यात जास्त तिचा स्वतःचा होता.

ती कामाला होती तो कपड्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. घरात ती आणि आई, दोघीच. तिने कॅमेरा घेतला, तीन महिन्यांचा क्लास लावला आणि फोटोचं छोटं दुकान टाकलं. उजेड कुठून घ्यायचा, डोळ्यांवर फोकस कसा धरायचा, हे ती मन लावून शिकली. मग एक दिवस सरांनी धंद्यातली खरी गोष्ट सांगितली.

"गिऱ्हाइकाला स्वतःचा चेहरा नको असतो. साफ करून द्या. फोल्डर निवडा, बटण दाबा, मिनिटात शंभर चेहरे तयार!"

पडद्यावर एका म्हाताऱ्याच्या सुरकुत्या पुसल्या गेल्या आणि सोललेल्या बटाट्यासारखं काहीतरी उरलं. वर्गाने टाळ्या पिटल्या. हिला ते बघवेना, पण वहीत मात्र तिने सगळं उतरवून घेतलं.

सरावाला समोर बसायला कोणीतरी हवं होतं, म्हणून तिने आईला बसवलं. आईच्या डाव्या गालावर कानापासून जबड्यापर्यंत भाजल्याचा व्रण होता; लहानपणी उकळतं पाणी सांडलं होतं. घरातल्या एकूण एक फोटोत आई डावा गाल भिंतीकडे करून उभी. लग्नाच्या फोटोतसुद्धा नवरा समोर बघतोय आणि ही भलतीकडेच. त्या दिवशी मात्र ती स्टुलावर बसली आणि सरळ कॅमेऱ्यात बघू लागली.

"आई, चालेल ना असं?"

"काढ गं. तुझ्यापुढे काय लपवायचं?"

फोटो इतका झकास आला की फोटोवाली दिवसभर हवेत होती. त्याच संध्याकाळी एका ऑफिसच्या ओळखपत्रांचे ऐंशी फोटो द्यायचे होते. तेही त्याच फोल्डरमध्ये होते. तिने सगळे निवडले आणि बटण दाबलं. मूळ फोटो वेगळे ठेवा, असं सर घसा फोडून सांगायचे. पण ही बाई जुन्यावरच नवे साठवायची आणि पुढच्या कामासाठी कॅमेऱ्यातलं कार्ड कोरं करायची. निव्वळ आळस, दुसरं काही नाही.

छापून आलेल्या गठ्ठ्यात तिला आई पटकन ओळखूच आली नाही. कोणीतरी गुळगुळीत, तुकतुकीत बाई तिच्याकडे बघत होती. तिला स्वतःची किळस आली. फोटो लपवावा म्हणून ती उठली, तोवर आईने तो हातात घेतलाही होता. आईने बराच वेळ बघितलं. मग स्वतःच्या गालावरून हात फिरवला.

"छान केलंयस. लाव भिंतीवर."

"आई, मुद्दाम नाही गं केलं. सगळ्यांबरोबर चुकून झालं."

"अगं, मी कुठे काय म्हणतेय?"

फोटो दुकानात लागला आणि धंदा जोरात चालू लागला. येईल ती बाई त्याच्याकडे बोट दाखवायची, "मला ह्यांच्यासारखं करून द्या हं!" फोटोवाली हसून मान डोलवायची आणि बटण दाबताना स्वतःच्याच बोटाची तिला शिसारी यायची. व्रण परत रंगवायचा प्रयत्नही तिने करून पाहिला. गालाला चिखल फासल्यासारखं दिसलं. वर, तो जबड्यावर नेमका कुठे संपतो हेही तिला आठवेना. चाळीस वर्षं बघत आली होती, मेली!

शेवटी एका दुपारी तिने तो फोटो उतरवून फाडला, दुकानाचं दार लावलं आणि आईला बोलावून आणलं.

"परत काढू या. ह्या वेळी काही पुसणार नाही, तुझी शपथ."

आई नाही म्हणाली नाही. तिने केस सारखे केले, पदर नीट घेतला, स्टुलावर बसली. फोटोवालीने डोळा कॅमेऱ्याला लावला.

"आई, इकडे बघ ना."

आईने मान वळवली आणि डावा गाल भिंतीकडे केला.

"हं," ती म्हणाली, "काढ आता."