न खोडलं गेलेलं शून्य

बाळूचा फोन आला तेव्हा सोसायटीची टाकी धुवायला आलेल्या माणसांना मी गच्चीची किल्ली देत होते. बाळू म्हणजे कुंदा परुळेकरचा धाकटा भाऊ. "सुनंदाताई, गेली ती," एवढंच म्हणाला. मी त्याला डॉक्टरांचा दाखला घेतलास का, आधार कार्ड कुठे आहे, कोकणातल्या काकांना कळवलंस का, असं एकामागून एक विचारत गेले. भांडुपहून मुलुंडला रिक्षाने जाईपर्यंत माझी यादी तयार होती आणि दुपारपर्यंत तिच्यातल्या सगळ्या ओळींवर काट मारून झाली होती. माझा स्वभावच तसा. कामं संपल्यावर मात्र तिच्या स्वयंपाकघरात उभी राहिले आणि पुढे काय करायचं ते सुचेना…

कुंदा आणि मी अंधेरीच्या एका सरकारी कार्यालयात एकत्र होतो. ती आकडेवारीच्या बाजूची, मी व्यवस्थेच्या. दौऱ्यांची तिकिटं, राहण्याची सोय, छापील फॉर्म, पाण्याच्या बाटल्या हे माझं काम. मोजणं तिचं. देशातून काय बाहेर गेलं आणि देशात काय आलं याचे तक्ते दर वर्षी निघतात. बंदरातून, विमानतळावरून, सीमेवरच्या ठाण्यातून जाणाऱ्या मालाचा कागद होतो, म्हणून तो त्या तक्त्यांत दिसतो. पण सीमेलगतच्या गावातली बाई डोक्यावर साखरेचं पोतं घेऊन बांधावरून पलीकडच्या बाजारात जाते आणि येताना मसूर आणते, तिचा कागद होत नाही. तिला तो करायचं कधी सुचतही नाही, कारण पलीकडे तिची आत्या राहते आणि तो बाजार अलीकडच्या बाजारापेक्षा जवळ असतो. अशा हजारो पोत्यांचं काय करायचं, हा कुंदाचा आयुष्यभराचा प्रश्न होता. "तक्त्यात नाही म्हणजे दिल्लीला ती बाईच नाही," ती म्हणायची. "उद्या कुणी ती वाट बंद केली, तर नुकसान कुणाचं झालं? कुणाचंच नाही. तक्ता काढून दाखवतील."

उपाय तिच्याकडे होता आणि तो साधा होता. वाटेच्या कडेला माणसं उभी करायची, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोक्यावर, सायकलवर काय आहे ते बघायचं आणि नजरेने वजन लिहायचं. कुणाला थांबवायचं नाही, काही विचारायचं नाही. त्यासाठी नजर तयार व्हायला हवी, म्हणून नव्या मुलामुलींना ती मुलुंडच्या चेकनाक्यावर घेऊन जायची. तिथली जकात आता बंद झाली, पण नाव टिकून आहे. "अलीकडे मुंबई, पलीकडे ठाणं. हीच आपली सीमा समजा," असं म्हणून त्यांना फुटपाथवर उभं करायची. आधी अंदाज लिहायचा, मग जाऊन विनवणी करायची आणि पिशवी ताणकाट्याला लावायची. तो स्प्रिंगचा, आकडा लावलेला, पितळी तोंडाचा काटा कायम तिच्या पर्समध्ये. लोक शिव्या घालायचे. एकदा एका मासेवालीने टोपली उतरवायच्या आधीच तिला फैलावर घेतलं. "वजन बघतेस? माझ्या डोक्यावरून उचलून तुझ्या डोक्यावर घे, बरोब्बर कळेल!" कुंदाने खरंच पदर खोचला आणि टोपली डोक्यावर घेतली. साडीवर पाणी ओघळत असताना तिने आकडा सांगितला. मासेवाली हसत सुटली. "बाई, तू सरकारात कशाला वाया गेलीस गं?"

ही सवय घरीदारीही सुटली नाही. तिच्याकडे गेलं की 'ये' म्हणायच्या आधी नजर पिशवीवर. "दोन किलो. कांदे आहेत, आणि वर काहीतरी मऊ." मग काटा काढून खात्री करणं आलंच. तो काटा जुना झाल्यावर रिकामा असतानाही शून्यावर येईना, थोडा खालीच लटकायचा. मी म्हटलं, "नवा घे की." तर म्हणे, "कशाला? किती चुकतो ते मला माहीत आहे. वजा करायचं."

बऱ्याच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर नेपाळच्या सीमेजवळच्या एका गावी चाचणी पाहणी मंजूर झाली. ती जमली असती तर पुढे सगळ्या सीमेवर झाली असती. आधी आम्ही दोघीच जाऊन वाट बघून आलो होतो. सकाळपासून बायकांची रांग लागायची. साखर, कापड, सायकलचे टायर जात होते, मसूर आणि आलं येत होतं. फूलमती नावाची एक बाई कुंदाच्या शेजारी चालत तिला कुठल्या पोत्यात काय आहे ते सांगत होती, आणि कुंदा शाळेतल्या मुलीसारखी खूश होती. परत आल्यावर तिने कार्यालयाकडे एकच जास्तीची गोष्ट मागितली. ऊन फार होतं, मोजणाऱ्या मुलांना सावली हवी. कार्यालयाने तिचं ऐकलं. आम्ही पोचलो तेव्हा वाटेच्या तोंडाशी पांढरा तंबू उभा होता, टेबलाला हिरवं कापड, आणि वर भारत सरकारच्या नावाचा मोठा फलक.

त्या सबंध पाहणीत त्या वाटेवर एक कुत्रं आणि दोन शाळकरी मुलं एवढीच ये-जा झाली. आमच्यात सगळे शिकलेले. कुणी म्हणालं कापणी चालू असेल, कुणी म्हणालं पलीकडे सण असेल. कुंदा पंचांग बघत बसली. प्रत्येक फॉर्मवर शून्य चढत गेलं. शेवटच्या दिवशी फॉर्मचे गठ्ठे सील करून गाडीत ठेवले आणि तंबूवाला दोऱ्या सोडायला लागला. फलक खाली आला, तशी उसाच्या फडामागून पहिली बाई निघाली, मग दुसरी, मग रांगच. सगळ्यांत पुढे फूलमती. कुंदाला बघून ती चमकली. "अरे दीदी, आप? हम समझे कस्टमवाले बैठे हैं। उधर नाले से जा रहे थे, कमर तक पानी में।"

सावली कुंदानेच मागितली होती.

परतल्यावर तिने सविस्तर टिपण लिहिलं: हा आकडा वाटेचा नाही, आमच्या तंबूचा आहे, इथे शून्य नको, 'माहीत नाही' असं लिहावं, पाहणी पुन्हा व्हावी. पैसे संपले होते, पुन्हा काही झालं नाही. आकडा एका टेबलावर गेला आणि टिपण दुसऱ्यावर. ती वरिष्ठांकडे गेली तेव्हा मीही होते. साहेब वाईट नव्हते, चहा मागवला त्यांनी. "मॅडम, रकाना रिकामा होता, आता भरलाय. तुम्हालाच आकडा हवा होता ना?"

"तो आकडा नाहीये साहेब, तो तंबू आहे."

"माहीत नाही असं तक्त्यात छापता येत नाही हो. बेरीज कशी करणार?"

"मग बेरीज करू नका!"

साहेबांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

दोन पावसाळ्यांनंतर ती वाट मालासाठी बंद झाली. व्यापार होत नाही, असं कारण दिल्याचं कुंदाच्या कानावर आलं. फूलमतीचा फोन आला होता. कस्टमचं मोठं ठाणं फार लांब, टेम्पोचं भाडं परवडत नाही, आता मुलाबरोबर लुधियानाला चाललेय, म्हणाली. तिने कुंदाला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच कुंदाला फार लागलं. ती नंतर दर वर्षी तक्ता निघाला की पत्र लिहायची. मी ती तिच्या सांगण्यावरून छान टाइप करून, क्रमांक घालून, पोचपावतीसह पाठवायचे. एकदाच यश आलं. तक्त्याखाली बारीक अक्षरात एक टीप आली: 'अनौपचारिक सीमाव्यापार समाविष्ट नसण्याची शक्यता आहे.' त्या दिवशी तिने नाक्यावरून जिलबी आणली. मी आनंदाने म्हटलं, "झकास! जिंकलीस." ती म्हणाली, "सुनी, शून्य वर आहे आणि मी खाली. कोण वाचतं गं खालचं?"

निवृत्तीनंतर तिची मूत्रपिंडं गेली. डायलिसिसच्या दिवसांचं वेळापत्रक मी तिच्या फ्रिजवर लावलं होतं. बाळू आणि मी पाळ्या लावून घेतल्या होत्या. सुरुवातीला ती नर्सच्या हातातल्या पिशव्यांची वजनंही सांगायची आणि नर्स खोटं खोटं रागवायची, "मावशी, माझं वजन नका सांगू हं!" शेवटच्या भेटीत मी घरून पिशवीभर धुतलेले कपडे नेले होते. तिला बोलतं करावं म्हणून पिशवी तिच्यासमोर धरली. "सांग किती?" तिने बराच वेळ बघितलं. डोळ्यांत काही येतंय असं वाटलं… मग मान हलवली. "माहीत नाही," म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे वळवलं. मी पिशवी तशीच हातात घेऊन उभी होते.

तेरावं झाल्यावर या वर्षीचा तक्ता आला. आता तो कागदावर निघत नाही, संगणकावर बघायचा. पत्र लिहायचं तर बघावं लागणार, म्हणून मी उघडला. ती ओळ सापडली. शून्य जागेवर होतं. खालची टीप नव्हती. नव्या मांडणीत टिपांना जागा नसावी. मी पत्राचा मजकूर करायला घेतला, तारीख घातली, विषय घातला, आणि थांबले. कुंदाच्या पत्रांना कधी उत्तर आलं नाही, मी तर व्यवस्थेची बाई. आणि समजा कुणी उद्या खरंच मोजायला गेलं, तरी त्या वाटेवर आता मोजण्यासारखं काही उरलेलं नाही. शून्य आता खरं झालं आहे.

बाळूने घर आवरताना काटा मला दिला. माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकावलाय. सकाळी भाजीवाली येते, शेजारीण दळण घेऊन जाते, आणि माझी नजर जाते पिशवीवर. तीन किलो, गहू. दीड, भेंडी आणि नारळ. काट्याला लावून बघितलं तर खरं-खोटं कळेल. पण किती वजा करायचं ते तिने मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.