लय कोणी वाढवली?

हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या विठ्ठलमंदिरात दर शनिवारी भजन होई आणि पखवाजावर बाळकृष्णपंत बसत. सोळा टाळ एका ठेक्यावर धरून ठेवणे ही नुसती कला नव्हे, सज्जनहो, ती सेवा आहे. टाळकरी भक्तीच्या भरात पुढे धावतात, आणि धावताना प्रत्येकाला वाटते की मी तर जागच्या जागीच आहे! वीस वर्षे पंतांच्या हातांनी ही धाव आवरून धरली होती.

पण शनिवारचे पंत निराळे आणि सोमवारचे निराळे. महसूल कचेरीतल्या टेबलाशी बसले की हेच गृहस्थ चौघे जिकडे माना डोलावतील तिकडे मान डोलावत.

१९५६चा ऑक्टोबर होता. हैदराबाद राज्य भाषेभाषेत वाटले जाणार होते आणि पंतांच्या कचेरीत मराठी नोकरदारांकडून पसंतीपत्रे मागवली होती: मुंबई राज्यात जाणार, की इथेच राहून नव्या आंध्र प्रदेशाची चाकरी करणार? हेडक्लार्क हणमंतराव हेच भजनातले मुख्य गायक, म्हणून सगळे त्यांना बुवा म्हणत. मंडळातले बहुतेक टाळकरी त्यांच्याच हाताखालचे. त्यांनी ठरवून टाकले होते: साऱ्यांनी जायचे. शनिवारी भजन झाले की पांडुरंगापुढे सह्या, मग आरती, मग प्रसाद.

त्या शनिवारी दुपारी सुशीलाबाई पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मळत बसल्या होत्या. जवळच्या शाळेत मराठीचा एकुलता एक वर्ग त्या चालवीत; तेवीस मुली होत्या.

"अहो, तुमचं ठरलं का?"

पंतांनी उपरणे सावरले, उजव्या हाताची दोन बोटे उभारली. "अगं, आपला माणूस आपल्या राज्यातच शोभतो."

बाई हसू लागल्या. "वाक्य आणलंत ते आणलंत, हणमंतरावांची बोटंसुद्धा घरी आणलीत?"

पंतांनी हाताकडे पाहिले. बोटे खरेच हणमंतरावांसारखी उभी होती! त्यांनी ती हळूच मिटून घेतली.

"मुंबई पाहिलीत कधी?"

"नाही."

"जायचंय?"

महिनाभर पंत हा प्रश्न दुसऱ्यांना विचारत होते. स्वतःला एकदाही विचारला नव्हता. जन्म या गल्लीतला. वडिलांनी याच कचेरीत केस पिकवले. भांडण झाले तर तोंडून दखनी उर्दू निघे, देवापुढे मराठी, आणि शेजारच्या तेलुगू घरातून आलेल्या लोणच्याखेरीज घास उतरत नसे.

"नाही," ते म्हणाले. या वेळी आवाज त्यांचा स्वतःचा होता. "मला नाही जायचं."

"मग हे तिथं बोला." बाईंनी कणकेचा गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. "पखवाज नीट बोलेल. तुमचं तुम्ही बघा."

संध्याकाळी गजर सुरू झाला. पहिल्या आवर्तनात लय शांत होती. दुसऱ्यात कोणी तसूभर सरकले, तिसऱ्यात हातभर. पंतांनी लय रोखून धरायला पाहिले. पण त्या दिवशी त्यांचीच बोटे पळू लागली होती. हे ध्यानात येताच त्यांनी दोन्ही हात उचलले. टाळ एकमेकांवर आपटत थांबले.

"लय कोणी वाढवली?"

"मी तर टाळांच्या मागे होतो," हणमंतराव म्हणाले.

"आम्ही बुवांच्या मागे," टाळकरी म्हणाले.

"हौ पंत, आणि बुवा तुमच्या मागे!" श्रीपती म्हणाला. हा कचेरीतला सर्वांत तरुण कारकून. सगळे हसले.

पंत हसले नाहीत. "म्हणजे वाढवली कोणीच नाही, आणि धापा सगळेच टाकतोय. त्या पसंतीच्या कागदांचं असंच झालंय का हो? जायचं हे पहिल्यांदा कोणाच्या मनात आलं?"

"माझ्या," हणमंतराव ताडकन म्हणाले. "बीडला माझे भाऊ आहेत, शेत आहे. मला जायचंच आहे."

"मग जा, बुवा. तुमची ओढ खरी आहे. माझी उसनी होती."

देवापुढच्या चौरंगावर पसंतीपत्रांचा गठ्ठा होता; उतावळ्या टाळकऱ्यांनी भजनाआधीच त्यावर सह्या उरकल्या होत्या. पंतांनी आपला कोरा कागद ओढला, लेखणी घेतली आणि पसंतीच्या रकान्यात लिहिले: आंध्र प्रदेश. खाली सही केली.

"पन्नाशीत तेलुगू अक्षरं गिरवणार?" हणमंतरावांनी विचारले.

"गिरवीन."

"ज्येष्ठता जाईल. एकटे पडाल!"

"सोळा टाळांत पखवाज एकटाच असतो. म्हणून तर लय राहते."

हणमंतरावांचा चेहरा लाल झाला. "मंडळाशी फितुरी! खाली ठेवा तो पखवाज."

"ही सेवा मला कचेरीच्या हुकमाने मिळालेली नाही," पंत म्हणाले, आणि त्यांनी आरतीचा ठेका धरला. संथ, भरदार, एकेक थाप देवाच्या पायरीवर ठेवावी तशी!

आरती होईना, म्हणून प्रसाद निघेना. हणमंतराव ओठ मिटून उभे राहिले. ठेका तसाच चालू होता. ना पुढे, ना मागे. शेवटी मूर्तीकडे पाहून त्यांनी डोळे मिटले आणि सूर लावला. टाळ उठले. आणि काय सांगावे, माउली, हणमंतराव रागाने थरथरत होते, तरी त्या लयीत त्यांचा आवाज कधी नव्हे इतका गोड लागला!

आरतीच्या मधेच श्रीपतीने टाळ काखेत धरला, सह्या झालेल्या कागदांतून आपला कागद ओढून काढला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"काय रे?" शेजारच्याने कुजबुजत विचारले.

"बघतो जरा," श्रीपती म्हणाला. "अजून मला कुणी विचारलंच नाही."