मामाच्या पट्टीनं केलेलं बेसिनचं कपाट

लिहायला बसलोय त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि कॉलेजात गेलेल्यानं नोकरीचा अर्ज सोडून दुसरं काही लिहिणं म्हणजे फुकट लाईट जाळणं, असं घरचं मत आहे. त्यात विषय बाथरूमचा. पण गोष्ट आईच्या गुडघ्यांची आहे, म्हणून धाडस करतो.

आईनं निपाणीत जन्मभर जमिनीवर बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. शेवटी गुडघ्यांनी संप केला. बेळगावात ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, आता उकिडवं बसायचं नाही. आमच्याकडं तर तोंडसुद्धा न्हाणीतल्या दगडापाशी उकिडवं बसूनच धुतात. म्हणून घरात उभ्याचं बेसिन होईपर्यंत आई बेळगावातच अनगोळला माझ्या आक्काकडं राहिली आणि रोज आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन करू लागली, "झालं का? हितं मला पाव्हणीगत बसवून ठेवलंय."

दुकानातलं बेसिनखालचं तयार कपाट आप्पांनी नखानं टोकरलं आणि पुठ्ठा ठरवलं. मग काम मामाकडं गेलं. मामा बेळगावजवळच्या मच्छेच्या एका फौंड्रीत पॅटर्न करतो, म्हणजे लोखंड ओतण्याआधी वाळूत ठसा उमटवायचा लाकडी नमुना. आप्पांनी टेपानं बाथरूममधली जागा मोजून आकडे सांगितले. मामानं अंगणात सागवानाचं असं कपाट घडवलं की शेजारीण विचारून गेली, देवघर का हो?

आत न्यायला गेलो तर दोन भिंतींमध्ये जाईना. पेन्सिलीच्या जाडीएवढं अडत होतं.

"भिंत वाकडी हाय, दाजी," मामा म्हणाला.

आप्पा गवंडी. "त्यो गिलावा मी केलाय, पाव्हणं. तुमचंच लाकूड सुजलंय."

मी मामाची पट्टी आप्पांच्या टेपाशेजारी धरली. मामाचा फूट जरा मोठा निघाला. ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टी मुळातच वाढीव असते. मामानं सवयीनं तीच वापरली होती. शिवाय कपाट खाली किंचित निमुळतं होतं, वाळूतून उपसताना अडकू नये म्हणून. आमच्या बाथरूमात वाळू नव्हती.

"मग थांबायचं का थंड हुईपर्यंत?" आप्पांनी विचारलं.

"थट्टा नको. पॉलिश झालंय, आता रंधा मारणार न्हाय."

"मग घर रुंद करू व्हय?"

"गिलावाच हाय की. खरवडा."

दोघं बाथरूमच्या दारात एकमेकांकडं पाठ करून चहा प्यायले. मी मध्ये उभा राहून दोघांनाही व्हय व्हय म्हणत होतो. तेवढ्यात आईचा फोन आला. "उद्या मी येणार. बेसिन असू दे न्हायतर नसू दे. दगडापाशी बसंन."

आप्पांनी छिन्नी घेतली आणि स्वतःच्याच गिलाव्यावर चालवली. मामा मागून "हळू, दाजी, हळू" म्हणत राहिला, जणू दुखत त्यालाच होतं. मला मात्र परीक्षेच्या पेपरसाठी बेळगावची बस धरावी लागली. निघालो तेव्हा कपाट अंगणातच होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात काय लिहिलं ते देवाला ठाऊक. माझं सगळं ध्यान त्या दगडापाशी होतं.

संध्याकाळी आप्पांचा फोन आला.

"बसलं रं."

"आणि आई?"

"आई उभी हाय. उभ्यानं तोंड धुतलं तिनं, साबण लावून, लई वेळ. मग खुर्ची मागितली आणि बेसिनशेजारी सूप ठेवून बघितलं. भावाला म्हणाली, असलंच एक बाहेर सोप्यात कर. बेसिनचं भोक पाडू नको, खाली पाय जाऊ देत, विड्या वळायला बरं."

"मामा काय म्हणाला?"

"काय म्हणतोय. मच्छेला गेला गप. त्याची ती वाढीव पट्टी हितंच ठेवून घेतलीया तिनं."