कानसेनांचं स्पष्ट मत

घरात त्यांना कानसेन म्हणत. धंदा रंगाऱ्याचा, पण बायको गेल्यावर रिकाम्या खोल्यांतली शांतता अंगावर यायला लागली, म्हणून मुलाने त्यांच्या फोनमध्ये ऐकायची पुस्तकं भरून दिली. तेव्हापासून हातात रोलर आणि कानात पुस्तक. कथा-कादंबऱ्या त्यांना चालत नसत. "खोटं ऐकायला नातेवाईक आहेत की," असं त्यांचं म्हणणं.

पुस्तक संपलं की रात्रीच्या जेवणाला त्याचा निकाल लागे, आणि निकालात दयामाया नसे.

"पहाटे चारला उठा म्हणजे यश मिळतं म्हणे. आपला दूधवाला जन्मभर चारला उठतोय, त्याला अजून दुसरी सायकल झाली नाही." गिर्यारोहकाच्या आत्मचरित्रावर म्हणाले, "वर चढला, खाली उतरला. आम्ही रोज तेच करतो, वर हातात रंगाचा डबा." एका मंत्र्याच्या आठवणी त्यांनी अर्ध्यावर सोडल्या, कारण चुका सगळ्या सचिवांच्या निघत होत्या. मुंग्यांवरचं पुस्तक मात्र तीनदा ऐकलं. लिहिणारी बाई वर्षानुवर्षं एका वारुळाशेजारी बसली आणि तरी कुणाला शहाणपण शिकवायला गेली नाही, याचं त्यांना फार कौतुक. आणि एक होतं जोडीदाराच्या जाण्यावर. त्याबद्दल मुलाने विचारलं तर एवढंच बोलले, "बाई खरं बोलते," आणि मीठ मागितलं.

गेल्या काही महिन्यांत मात्र त्यांनी वाचणाऱ्यांनाच धारेवर धरलं होतं. "दम नाही हो आजकालच्या लोकांना. झोपेवरचं पुस्तक, आणि वाचणारा असा पळतोय की मागे कुत्रं लागलंय!" त्याच सुमारास रंगाच्या कंपन्यांवरही त्यांचा राग होता. पहिला हात मारला की तासाभराचं एक प्रकरण ऐकायचं आणि मग दुसरा हात, हा त्यांचा हिशोब. पण हल्ली प्रकरण संपलं तरी भिंत ओलीच. "रंगात पाणी घालतात, दुसरं काय!"

सून हे सगळं ऐके आणि गालात हसे. ती फारसं बोलत नसे, कारण बोलताना अडखळायची. तिचा शब्द अडला की कानसेन तो चटकन पुरवून देत. त्यात मदतीचाच भाव होता, पण त्यामुळे या घरात आल्यापासून तिची निम्मी वाक्यं त्यांनीच पुरी केली होती.

हीच सून दार लावून एकटी मोठ्याने वाचायला बसली की एक अक्षर अडत नसे. मुलाने ते एकदा बाहेरून ऐकलं आणि तिच्या मागेच लागला. शेवटी तिने बोलकी पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशकाला विचारलं. त्याने दीपगृहांवरच्या पुस्तकातलं एक प्रकरण नमुना म्हणून वाचून पाठवायला सांगितलं, शुक्रवार संध्याकाळपर्यंत. तिने वाचलं. पाठवण्याआधी मात्र तिने नवऱ्याला ते सासऱ्यांच्या फोनमध्ये घालायला लावलं.

"बाबा, तुम्ही कु... कुणाची..."

"भीड ठेवत नाही. बरोबर आहे. ऐकतो आणि सांगतो."

गुरुवारी जेवताना त्यांनी सांगितलं. शक्य तितक्या मायेने सांगितलं, हे कबूल करायला हवं. "आवाज सोन्यासारखा आहे, सूनबाई. शब्द मोत्यासारखे. पण तुझीही तीच गत, घाई फार! जरा श्वास घे. सावकाश वाच."

सुनेचा चेहरा पडला. तिने मान डोलावली आणि ताट उचललं.

कानसेनांना काय ठाऊक, की "सावकाश बोल" हे एवढं एकच वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती! शाळेत, लग्न ठरवताना, दुकानात, सगळीकडे. वाचताना तेवढं ते तिच्या मागे येत नसे. आता तेही आलं.

शुक्रवारी सकाळी डबा घेऊन निघताना त्यांना बंद दारातून तिचा आवाज आला. ती सावकाश वाचत होती. एकेक शब्द जपून टाकत होती आणि दर दुसऱ्या शब्दाला अडत होती. मग आवाज थांबला तो थांबलाच.

मुलगा चपला घालत म्हणाला, "आधीचं वाचन तिनं पुसून टाकलं, बाबा. आज वाचताच येत नाहीये. जमणार नाही असं संध्याकाळी कळवून टाकते म्हणाली."

"मी खोटं बोलायला हवं होतं का?"

"नाही," मुलगा म्हणाला. "तुमच्याकडून तिला खोटं नकोच होतं."

कानसेनांच्या मनाला ते फार लागलं.

त्या दिवशी काम एका निवृत्त नर्सबाईंच्या बैठकीच्या खोलीत होतं. पहिला हात झाला, प्रकरण झालं, त्यांनी भिंतीला बोट लावलं, तर बोटाला रंग. झालं, कानसेन कंपनीवर घसरले. "तास उलटला तरी ओला!"

"कसला तास?" बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "माझी गोळी घेतली तेव्हा तुम्ही खाली उतरलात. चाळीस मिनिटंच झालीत."

"अहो, तासाचं प्रकरण पुरं ऐकलंय मी!"

"बघू तो फोन." त्यांनी चष्मा चढवला. "हे काय? वेग दीडपट. कधी लावलात?"

त्यांनी कधीच लावला नव्हता. रंगाने माखलेला अंगठा कधीतरी लागला असणार. कानसेन शिडीच्या पायरीवर बसले. बिचारा झोपेचा वाचक, बिचाऱ्या रंगाच्या कंपन्या! आणि सून.

बाईंनी वेग सरळ करून दिला. भिंत सुकल्यावर कानसेनांनी दुसरा हात सुरू केला आणि कानात दीपगृह लावलं. सुनेचा आवाज आला. कसली घाई नि कसलं काय! ती वाचत होती ती निवांत बसून कुणालातरी जवळचं सांगावं तशी. दिवा लावणाऱ्या म्हाताऱ्यापाशी येऊन ती क्षणभर थांबली, आणि तो एकटा आहे हे न सांगता कळलं. अर्ध्या भिंतीवर रोलर थांबला. पुसलेलं ते वाचन आता फक्त आपल्या फोनमध्ये उरलंय, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. ते कसं पाठवायचं हे त्यांना येत नव्हतं. ऐकण्यापलीकडे त्यांना त्या फोनमधलं काहीच येत नसे.

ते खाली उतरले आणि रोलर डब्यात टाकला.

"अहो, भिंत अर्धी राहिली! जोड दिसेल!"

जोड दिसेल हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? उभ्या आयुष्यात त्यांनी ओली भिंत मधेच सोडली नव्हती. "दिसू दे," ते म्हणाले आणि तडक घरी निघाले.

सून स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. नकार लिहून झाला होता, पाठवायचा बाकी होता. कानसेनांनी फोन तिच्यापुढे ठेवला.

"चूक माझी आहे. मी सगळ्यांना पळवत ऐकत होतो, तुलाही. हे तुझं वाचन. ऐक."

दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्यांचेही.

"आता स्पष्ट मत," कानसेन नाक पुसत म्हणाले. "दुसऱ्या मिनिटाला भांडं पडल्याचा आवाज येतो. बाकी काही बदलू नकोस. हेच पाठव."

तिने ते स्वतःच्या फोनवर घेतलं आणि पाठवलं. मग तिचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. कोपरापर्यंत रंग तसाच होता, न धुतलेला.

"बाबा, भिं... भिं..."

शब्द कानसेनांच्या जिभेवर आला. जन्मभर ज्याच्यावर पोट भरलं तोच शब्द. त्यांनी तोंड मिटलं, हात मांडीवर ठेवले आणि तिच्याकडे बघत थांबले.

"भिंत ओली सोडून आलात?" तिने विचारलं.

"हो," ते म्हणाले. "उद्या पुन्हा मारीन."