मागच्या तारखेचा भाव

कोणताही कागद हातात दिला की काका आधी तो उलटा करून मागची बाजू बघायचे. मागे काही नसायचंच. तरी बघायचे, मग ट्यूबलाइटकडे धरायचे आणि सगळ्यात शेवटी पुढची बाजू वाचायला घ्यायचे. पहिल्या दिवशी तर त्यांनी माझ्या भिंतीवरचा परवाना फ्रेमसकट खाली काढायला लावला.

"मॅडम, हा असल हाये का झेरॉक्स?"

"असल आहे, काका."

"मंग मागून पाहू द्या."

अमरावतीत राजापेठेजवळ माझं शेअर दलालीचं लहानसं ऑफिस आहे. दोन संगणक, एक बाक आणि आवाज करणारा पंखा. काकांसारखी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पासबुक भरून मिळाल्यावर बँकेच्या खिडकीतच उभं राहून बेरीज तपासतात आणि मागच्या रांगेला घाम फोडतात. मला अशा माणसांचा राग येतो. काकांचा जरा जास्त यायचा, कारण ते रांग नसताना यायचे आणि आले की उठायचे नाहीत.

चहा मागवला की म्हणायचे, "आधी तुमी घ्या." मी घोट घेतल्यावर माझ्या तोंडाकडे थोडा वेळ बघत राहायचे आणि मग स्वतःचा कप उचलायचे. त्यांना विष घालून मला काय मिळणार होतं, देव जाणे. पण मीही काही भाबडी नाही. हा माणूस कोणीतरी पाठवलेला आहे, असं मला पहिले काही महिने पक्कं वाटत होतं.

चौकशी केली तेव्हा कळलं, ते कोर्टाच्या नक्कल विभागातून निवृत्त झालेले. मूळ कागदावरून नक्कल करायची, ओळ न् ओळ ताडून बघायची आणि शिक्का मारून द्यायची, यात त्यांची सगळी नोकरी गेली. झालेल्या कागदाला हात लावायचा नाही, हे तिथे त्यांच्या हाडात मुरलं होतं. बायको वारलेली, मुलगा पुण्यात. धाकटा भाऊ अकोल्यात, त्याचं औषधांचं दुकान. त्याचा विषय निघाला की काका खिडकीबाहेर बघायचे.

त्यांच्याकडे एकाच कंपनीचे शेअर होते, औषधं बनवणाऱ्या. ते वडिलांकडून आलेले. वडील ज्या कंपनीची गोळी रोज सकाळी घ्यायचे, तिचेच शेअर त्यांनी घेऊन ठेवले होते. काकांना शेअर विकायचे नव्हते आणि नवीन घ्यायचेही नव्हते. त्यांना फक्त जुने भाव बघायचे असत.

"थो वर गेला ना, तो दिवस दाखवा." मी दाखवायची.

"काहून गेला वर?"

"त्यांच्या एका औषधाला परदेशात परवानगी मिळाली."

"कोनं सांगतलं?"

मी बातमी काढून दाखवायची. ते बातमीची तारीख बघायचे, मग भावाची. "बातमी शुक्करवारची. भाव चढला बुधवारी. म्हंजे कोनाले तरी बुधवारीच माईत होतं."

असं होतं, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून मी त्यांना सांगितलं होतं की जुन्या भावाचा उपयोग एवढाच, कंपनीची चाल कशी आहे ते कळतं. किती पडते, किती दिवसांत सावरते. उद्याचं त्यातून काही कळत नाही. त्यांनी मान डोलावली. "साक्षीदारासारखं हाये मंग. झालेलं सांगते, होनारं नाही."

एक गोष्ट मात्र मला खटकायची. उठायच्या आधी ते दर वेळी एकच तारीख काढायला लावायचे. काही वर्षांपूर्वीची, साधी. त्या दिवशी ना बातमी, ना चढ, ना उतार. मी ती तारीख घालायची, पडद्यावर पाचशेच्या आसपासचा आकडा यायचा. ते "हूं" म्हणायचे आणि चपला घालायचे.

दोन वर्षं हे चाललं. त्यांनी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण मनात पाल चुकचुकली. त्या तारखेला माझ्या ऑफिसातून काही चुकीचं झालं आणि हा बाबा केस उभी करून राहिला की काय? मी माझे सगळे जुने व्यवहार उपसून पाहिले. त्या दिवशी काकांच्या नावावर आमच्याकडे काहीच नव्हतं.

मग एका दुपारी ते आले आणि बाकावर न बसता थेट टेबलाशी उभे राहिले. "मॅडम, त्या तारखेच्या भावाची नक्कल पाह्यजे. सही-शिक्क्याची."

"कशाला?"

"अकोल्याले लगन हाये. लहान्याच्या पोरीचं. बलावनं आलं."

"लग्नात शेअरच्या भावाची नक्कल?"

तेव्हा ते खाली बसले आणि दोन वर्षांचं सगळं बाहेर आलं. वडील गेल्यावर शेअर दोघा भावांत निम्मे झाले. लहान्याला दुकानासाठी रोकड हवी होती, म्हणून त्याच्या वाट्याचे शेअर काकांनीच घेतले. त्या दिवशीचा भाव लहान्याने सांगितला, हजारावर काही रुपये. भाऊ सांगतोय म्हणून काकांनी तपासला नाही. जन्मात एवढाच एक आकडा त्यांनी न तपासता मानला. पुढे फोनवर जुने भाव दिसतात हे कळलं, त्यांनी ती तारीख घातली, तर पाचशे.

"सख्ख्या भावानं दुपटीनं इकले मले. त्या दिवसापासून बोललो नाही. पोरीची सोयरीक झाली, साक्षगंधालेई गेलो नाही. आता लगनात जाऊन त्याच्या तोंडावर हा कागद टाकतो, अन् माघारी येतो. पुन्हा अकोल्याचं नाव नाही."

खरं सांगते, माझ्याही मनात पहिल्यांदा हेच आलं की भावानं हात मारला. माझ्या टेबलावर मी भावाभावांचं बरंच काही पाहिलं आहे. पण मग आकड्यांकडे पाहिलं. नेमका निम्मा. फसवणारा माणूस असा मोजून दुप्पट लावत नाही.

"काका, तुमच्या एका शेअरचे दोन झाले होते, आठवतं? शेअर घेतल्यानंतर वर्षभरात."

"आठवते ना. पेढे नाही वाटले मी गल्लीत?"

"एका भाकरीचे दोन तुकडे झाले. शेअर दुप्पट, भाव निम्मा. आता जुना भाव आजच्या तुकड्याशी ताडता यावा म्हणून भाव दाखवणारे हे लोक मागचे सगळे भावही निम्मे करून दाखवतात. नाहीतर कंपनी एका दिवसात अर्धी बुडाली असं दिसेल."

"मागचे? होऊन गेलेल्या तारखेचे?"

"हो."

"म्हंजे तारीख होऊन गेली, भाव होऊन गेला, अन् यायनं मांगून तो बदलवला?"

"बदलवला नाही. आजच्या मापात मांडला."

"कोनाच्या हुकमानं?"

ते उठून उभे राहिले होते, कानशिलं लाल. मी म्हटलं, थांबा, मूळ कागद काढते. शेअर बाजार रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या सगळ्या भावांची यादी काढतो. आमच्या धंद्यात तिला भावकॉपी म्हणतात. ती एकदा निघाली की निघाली, मागून कोणी तिला हात लावत नाही. त्या तारखेची भावकॉपी शोधली, कंपनीची ओळ काढली आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला.

लहान्याने सांगितलेला भाव तिथे होता. वर एक रुपयाही लावलेला नव्हता.

त्यांनी ओळीवर बोट ठेवून आकडा दोनदा वाचला. मग पाणी मागितलं आणि या वेळी मी आधी प्यायची वाट न बघता घटाघटा प्यायले. "याची नक्कल द्या," म्हणाले.

"आता कशाला? तुम्ही अबोला का धरला, हे भावाला माहीत आहे का?"

"नाही. चोराले काय कारन सांगाचं?"

"मग आताही सांगू नका. जा, अक्षता टाका, पोटभर जेवा. हा कागद नेलात तर त्याला कळेल की तुम्ही त्याला चोर समजत होतात. जुळायचं तेही मोडेल."

"मॅडम, मी दोन वर्षं त्याच्यावर खटला चालवला. त्याले न बलावता. आता निकाल लागला, तर नक्कल पक्षकाराले भेटली पाह्यजे."

मी पुष्कळ समजावलं. शेवटी छापून दिलं, सही केली आणि माझ्याकडे होता तो ऑफिसच्या पत्त्याचा शिक्का मारला. त्याला कायद्यात काडीची किंमत नाही. घडी करून त्यांनी तो कागद आतल्या खिशात ठेवला आणि गेले.

ते परत आलेच नाहीत. बाक रिकामा राहिला. माझी कामं लवकर उरकायला लागली आणि चहा एकच येऊ लागला. मी मनाशी म्हटलं, घातलाच ना घोळ म्हाताऱ्यानं.

पुढे उन्हाळ्यात कामासाठी अकोल्याला गेले. थायरॉइडच्या गोळ्या घरीच राहिल्या होत्या, आणि खरं तर उत्सुकताही होती. पत्ता विचारत त्या औषधाच्या दुकानात शिरले. गल्ल्यावरच्या माणसाचं नाक हुबेहूब काकांचं. मी गोळीचं नाव सांगितलं, त्यानं आत वळून हाक दिली. मग मी कोण ते सांगितलं.

"म्हंजे तो शिक्का तुमचा?" तो म्हणाला आणि आवाज खाली आणला. "बाई, मांडवात फेटा बांधून उभा होतो. दादा आला. पाया पडाले वाकलो, तर हातात कागद देला. म्हने वाच, तू सांगतला थोच भाव हाये. म्हटलं, दोन वर्षं तू मले चोर समजून राह्यला? तर तोंडावर म्हने, हो!"

"मग?"

"मंग काय? पोरगी बोहल्यावर. म्हटलं, जेवून घे, भांडन उद्या. दुसऱ्या दिवशी असे भांडलो का बायको मधात पडली. मंग महिनाभर मी बोललो नाही, माही पाळी होती."

"आणि आता?"

"घेऊन आलो अमरावतीहून. एकटा बसून पुन्हा कोनती तरी तारीख काढीन. डोयासमोर बरा."

तेवढ्यात काका गोळ्यांचं पाकीट घेऊन आतून आले. मला पाहिलं. हसले वगैरे नाहीत. पाकीट काउंटरवर ठेवलं, पण हात वरून काढला नाही.

"चिठ्ठी?"

"दादा!" भाऊ ओरडला. "वळखीच्या हायेत ना त्या!"

"वळखीच्या हायेत म्हनूनच."

मी फोनमधली डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्यांनी तारीख वाचली, डॉक्टरांचं नाव वाचलं, पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि भावाला म्हणाले, "बिल नीट बनव रे लहान्या. बाई तपासतात."