ईस्टरला माझा बास कोण गायला?

भुतंखेतं सांगत येणाऱ्याला मी आयुष्यभर दारातूनच परत लावला. शाळा तिसरीपर्यंत, पण डोकं जाग्यावर आहे... आजही. तरी हे लिहितोय, कारण त्या दिवसाचं खोटं अजून माझ्या नावावर चालतंय.

गोव्यात पोर्तुगीज होते आणि हद्द बंद होती ती वर्षं. मी मालवणात चिऱ्याचं काम करणारा गवंडी, आणि चर्चमध्ये गाणाऱ्या कॉयरचा एकटा बास, सगळ्यात खालचा आवाज. आमचे मेस्त, म्हणजे गाणं शिकवणारे, गोव्याचे, इकडेच अडकलेले. ईस्टरला ते चारशे वर्षांपूर्वीचं लॅटिन गाणं बसवायचे. पेटी नाही, काही नाही, नुसते चार आवाज. तीन वर चढतात, बास खालून धरतो. पाया नाही तर भिंत कसली? मला सुरांचा कागद वाचता येत नसे. सगळं कानानं पाठ.

आदल्या रविवारी तालमीत मी एका जागी घाईनं शिरलो. मेस्त सगळ्यांदेखत ओरडले, "पेद्रू, वाचूक येणा नाय तर गप बस! बैलासारखो वराडतंस!"

लोक हसले. माझी बायकोसुद्धा.

मी म्हटलं, "ह्याच लोकांसमोर माफी मागा. तवसर माझो आवाज तुमका मिळूचो नाय."

आठवडा गेला. आले नाहीत.

ईस्टरच्या सकाळी मी मुद्दाम तारकर्लीला गेलो, भिकूच्या विहिरीचं बांधकाम करायला. भिकू म्हणाला, "अरे, आज तुमचो सण ना?"

"चुनो मळ," मी म्हटलं.

खाली उतरलो. आठच्या सुमारास चुना मागायला हाक मारली — आवाजच नाही! घसा दुखत नव्हता, खोकला नव्हता... तोंड उघडतोय आणि काही नाही. थापीनं चिऱ्यावर ठोकत बसलो. भिकू वरून वाकून हसला, "जीभ गिळलंस काय रे?" घटकाभरानं आवाज आपसूक परत आला.

दुपारी घरी आलो तर बायकोचे डोळे ओले. "गेलात ता बरा केलात. आजच्यासारखा कधीच गावक नाय तुमी."

मला वाटलं टोमणा. मग शेजारीही तेच. चर्चमध्ये कॉयरच्या माडीवर सगळ्यांच्या मागे उभा होतो म्हणे, आठ वाजता. माझ्या पुढे उभा राहणारा, वरच्या आवाजाचा टेनरवाला सांगे, माझा श्वास त्याच्या मानेवर लागत होता.

संध्याकाळी मेस्त स्वतः आले. हात धरला. "तू इलंस. माझ्या माफीची वाट बघूक नाय. मोठो माणूस तू."

"मी येवक नाय. तारकर्लेक होतंय. भिकूक विचारा."

"आता मस्करी कित्या?" हसले आणि गेले. माफी राहिलीच. मिळाली असं ज्याला वाटतंय, तो मागेल कशाला? भिकूनं शपथ घेऊन सांगितलं, तर लोक म्हणाले, दोस्तासाठी खोटं बोलतोय.

पावसाआधी मेस्त तापानं गेले. मातीला जो तो माझ्या खांद्यावर हात ठेवी — "पेद्रू, मन मोठा रे तुझा." मी तिथंच सांगितलं, मी माफ केलेलं नाही. कुणी ऐकून घेतलं नाही.

माडीवर कोण होता, मला ठाऊक नाही. फादरना विचारलं, त्यांनाही नाही. गायला असेल. माझ्याहून चांगलाही गायला असेल... पण भांडण माझं होतं. ते मिटवायला मी कुणाला पाठवलं नव्हतं.