सावकाशांची पांढरी पट्टी

गल्लीत त्यांना सगळे ‘सावकाश’ म्हणत. लष्करात बावीस वर्षं त्यांनी जमिनीत पुरलेले सुरुंग शोधून काढले होते, आणि त्या कामात घाई करणाऱ्याला दुसऱ्यांदा घाई करायला मिळत नाही. निवृत्त होऊन धडधाकट घरी आले, पण चाल तीच राहिली. गवतावर पाय ठेवायचा नाही, उकरलेल्या मातीवरून जायचं नाही, आणि बायकोने चालायचं ते त्यांच्याच पावलावर पाऊल ठेवून. दोघं बाजाराला पोचेपर्यंत भाजीवाले आवरायला लागायचे. लोक हसत. बायको मात्र चाळीस वर्षं निमूट मागून चालली. “चालच वाकडी आहे, माणूस नाही ना!” म्हणायची.

लेकीला एवढं सोसवलं नाही. लहानपणी तिला एकदाही बागेत खेळू दिलं नव्हतं, याचा राग पन्नाशी आली तरी गेला नव्हता. ती पार्सलच्या खिडकीवर नोकरी करायची आणि आई-बाबांचं सगळं बघायची.

ऐंशी ओलांडल्यावर बाबांना स्वतःचं घरही ओळखू येईना. फरशीवर पाय टाकायचे नाहीत. पलंगाच्या कडेला बसून अंथरूण ओलं करायचे. शेवटी लेकीने डोकं चालवलं. पलंगापासून संडासापर्यंत पांढऱ्या सुती पट्टीच्या दोन रांगा चिकटवल्या. सुरुंगांच्या कामात पांढऱ्या पट्ट्यांमधली वाट म्हणजे तपासलेली वाट, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. म्हातारा उठला आणि सरळ चालत गेला. त्या दिवशी तिला रडू आलं.

मग आतल्या खोलीत आईने अंथरूण धरलं. एके दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, आता काही तासच. आईला दिसणं बंद झालं होतं, बोलणं शाबूत होतं.

“एकदा ह्यांना माझ्यापाशी आण गं. जन्मभर मीच मागून गेले, आज त्यांना येऊ दे.”

लेकीने उरलेली पांढरी पट्टी बाहेर काढली आणि बाबांच्या पलंगापासून चिकटवत नेली. ती आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंतच पुरली. आईच्या पलंगापर्यंतचे चार हात उरले, आणि दुकानात जाऊन यायला वेळ नव्हता. पिशवीत कामावरची चिकटपट्टी होती, ती तिने भराभर लावली आणि बाबांना उठवलं.

ती पुढे, ते मागे. उंबऱ्यापाशी त्यांनी तिचा दंड धरून तिला खस्‌कन मागे ओढलं.

“थांब! लाल आहे. पुढे मोकळं नाही.”

तिने खाली पाहिलं. पार्सलची पट्टी लालभडक होती. लाल म्हणजे पुढे सुरुंग, हेही तिला पाठच होतं. घाईत सुचलं नाही, एवढंच.

“बाबा, आत आई आहे. सोडा मला!”

“सावकाश. हलू नकोस.”

त्यांनी दोन्ही हातांनी तिला कवटाळलं. हिसडा द्यावा तर ते पडणार, आणि त्या वयात मोडलेलं हाड जुळत नाही.

“आले का गं?” आईने विचारलं.

“आले, आई! दारातच आहेत.”

“मग आत का येत नाहीत?”

लेक बाबांना विनवत राहिली, पट्टीवरून पाय घासत राहिली, पण पट्टी काही निघाली नाही. आईने आणखी एकदा हाक मारली. मग नुसता श्वास ऐकू येत होता, आणि थोड्या वेळाने तोही थांबला.

बाबांनी तिला असं घट्ट जवळ आयुष्यात कधी धरलं नव्हतं. तिचं अंग हुंदक्यांनी हलायला लागलं, तसा त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“रडू नकोस, पोरी. वाचलीस.”